दोन आवाजांची बेरीज

शाळेचे स्नेहसंमेलन असो, देवळातले कीर्तन असो की गणेशोत्सवातला गाण्याचा कार्यक्रम, एक अडचण हमखास येते. गायकासमोर एक माईक असतो, तबल्याजवळ दुसरा. दोन्ही माईकना आपापला छोटा प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे प्रीॲम्प, जोडलेला असतो. पण मोठ्या ॲम्प्लिफायरला वायर खुपसायला जागा एकच! मग कोणीतरी तोडगा सुचवतो, "दोन्ही वायरी सोला, एकत्र पिळा आणि द्या लावून."

कधी हे चालून जाते. कधी आवाज फाटतो. कधी तबल्याचा आवाज कमी करायला बटण फिरवावे तर गायकही गप्प होतो. वायरी जोडणारा मग "लूज कनेक्शन असेल" म्हणत पुन्हा वायरी पिळायला घेतो. पण दोष वायरींचा नसतो. जोडणीतच दोष असतो आणि तो नववी-दहावीच्या विज्ञानाने, म्हणजे ओहमच्या नियमाने, नीट समजावून सांगता येतो.

विद्यार्थ्यांना आधी एक प्रश्न विचारून पहा. हवेत तर दोन आवाज किती सहज मिसळतात! गायक आणि तबला यांचे तरंग एकमेकांना अडवत नाहीत. कानाचा पडदा एकच असतो, तो दोन्ही तरंगांच्या बेरजेप्रमाणे हलतो. जे हवेत आपोआप होते ते तारेत का होऊ नये?

प्रीॲम्प काय करतो?

माईकमधून येणारे व्होल्टेज फार लहान असते. साधारण बोलण्याला एक-दोन मिलिव्होल्ट. प्रीॲम्प ते शेकडो पटींनी वाढवून एक व्होल्टच्या आसपास आणतो. पण वाढवणे हे त्याचे एकच काम नाही. त्याच्या बाहेर पडण्याच्या टोकावर, म्हणजे आउटपुटवर, जे व्होल्टेज असायला हवे ते तो टिकवूनही धरतो. पुढे काहीही जोडा, "या क्षणी इथे १ व्होल्टच असले पाहिजे" असा त्याचा हट्ट असतो.

हा हट्ट किती पक्का आहे हे आउटपुट रोधावरून कळते. रोध जितका कमी तितका हट्ट पक्का. आजच्या प्रीॲम्पमध्ये 'ऑप-ॲम्प' नावाची चिप असते. ७४१ ही त्यातली जुनी आणि शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांत सर्वांच्या ओळखीची चिप. तिचा स्वतःचा आउटपुट रोध सुमारे ७५ ओहम असतो. आउटपुटचा काही भाग पुन्हा इनपुटकडे वळवला, म्हणजे फीडबॅक दिला, की तोच रोध एका ओहमच्याही खाली जातो.

दोन हट्टी समोरासमोर

आता दोन प्रीॲम्पची आउटपुट टोके पिळून एकत्र केली असे समजा. एखाद्या क्षणी गायकाचा प्रीॲम्प म्हणतो, "इथे +१ व्होल्ट." त्याच क्षणी तबल्याचा म्हणतो, "इथे -०.५ व्होल्ट." पण जोड तर एकच आहे, आणि एका बिंदूला एका वेळी एकच व्होल्टेज असू शकते.

दोघांतला फरक १.५ व्होल्ट. प्रत्येकाचा आउटपुट रोध १ ओहम धरला तर ओहमच्या नियमाप्रमाणे १.५ भागिले २, म्हणजे ०.७५ ॲम्पिअर प्रवाह एकाकडून दुसऱ्याकडे वाहायला हवा. ७४१ मात्र फार तर २५ मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह देऊ शकते. त्या मर्यादेला पोचली की ती हात टेकते, आणि तरंगाचे शेंडे कापले जातात. आपण ऐकतो तो 'फाटलेला' आवाज हाच. बऱ्याच चिपमध्ये संरक्षणाची सोय असते, म्हणून त्या लगेच जळत नाहीत. तापतात मात्र जरूर.

बटणाचे कोडेही इथेच सुटते. काही साध्या प्रीॲम्पमध्ये आवाजाचे बटण अगदी शेवटी असते. ते शून्यावर नेले की आउटपुटचे टोक सरळ अर्थला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडले जाते. दुसऱ्या प्रीॲम्पची तार तिथेच पिळलेली असल्याने तोही शून्यावर येतो.

म्हणून एक नियम पक्का लक्षात ठेवावा. एका आउटपुटला दोन फाटे फोडून दोन ॲम्प्लिफायरना देणे चालते. दोन आउटपुटना एकत्र आणून एका ॲम्प्लिफायरला देणे चालत नाही. बाजारात मिळणारी 'वाय' वायर दोन्हीकडून सारखीच दिसते, पण तिचा उपयोग एकाच दिशेने आहे.

पातळी आणि प्रवाह

निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला कादवा नदी गोदावरीला मिळते. समजा गोदावरीतून सेकंदाला ५०० घनफूट पाणी येते आहे आणि कादवेतून २००. संगमाच्या खाली किती वाहील? ७००. ही बेरीज कोणाला करावी लागत नाही. आलेले पाणी पुढे गेलेच पाहिजे, म्हणून ती आपोआप होते.

आता पाण्याच्या दोन टाक्या घ्या. एकीची पातळी ५ मीटर, दुसरीची २ मीटर. मोठ्या नळाने दोन्ही जोडल्या तर पातळी ७ मीटर होईल का? मुळीच नाही. उंच टाकीतले पाणी जोराने खालच्या टाकीत शिरेल.

व्होल्टेज म्हणजे पातळी, आणि विद्युतप्रवाह म्हणजे नदीचा प्रवाह. किरचॉफचा नियमही हेच सांगतो. तारांच्या जोडाशी जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर पडतो. म्हणजे जोडाशी प्रवाहांची बेरीज आपोआप होते, व्होल्टेजची होत नाही. आवाजांची बेरीज हवी असेल तर आधी व्होल्टेजचे रूपांतर प्रवाहात करून घेतले पाहिजे. त्याला लागणारा घटक प्रत्येक प्रयोगशाळेत असतो. तो म्हणजे रोधक, ज्याला दुकानात आपण 'रेझिस्टन्स' म्हणतो.

दोन रोधकांची युक्ती

प्रत्येक प्रीॲम्पच्या वाटेवर १० किलोओहमचा एकेक रोधक घाला. रोधकांची दुसरी टोके एकत्र जोडा आणि हा जोड मोठ्या ॲम्प्लिफायरला द्या. दोन्ही प्रीॲम्पची अर्थची तार मात्र सरळ एकत्र जोडा.

आता +१ आणि -०.५ व्होल्ट समोरासमोर आले तरी मध्ये एकूण २० किलोओहम आहेत. प्रवाह १.५ भागिले २०,०००, म्हणजे फक्त ७५ मायक्रोॲम्पिअर. दोघांचेही हट्ट शाबूत राहतात आणि कोणावर ताण येत नाही.

जोडाशी व्होल्टेज किती असेल? ते 'ज' मानू, आणि प्रीॲम्पची व्होल्टेज 'अ' आणि 'ब'. पुढच्या ॲम्प्लिफायरमध्ये नगण्य प्रवाह जातो असे धरले तर एका रोधकातून आलेला आणि दुसऱ्यातून आलेला प्रवाह मिळून शून्य व्हायला हवा. दोन्ही रोधक समान असल्याने

(अ - ज) + (ब - ज) = ०

म्हणजेच ज = (अ + ब) ÷ २.

आपल्या उदाहरणात ०.२५ व्होल्ट. दोन रोधकांनी आपल्याला चक्क सरासरी काढून दिली! सरासरी म्हणजे निम्मी केलेली बेरीज. मोठ्या ॲम्प्लिफायरचे बटण थोडे पुढे नेले की झाले.

करून पहा

हा भाग वर्गात दाखवायला आवाजाची गरज नाही. दीड व्होल्टचे दोन सेल, १० किलोओहमचे दोन रोधक आणि एक डिजिटल मल्टिमीटर पुरे. दोन्ही सेलची ऋण टोके एकत्र जोडा; हा आपला शून्य. धन टोकांपासून एकेक रोधक निघू द्या आणि त्यांची दुसरी टोके जोडा. आता शून्यापासून या जोडापर्यंतचे व्होल्टेज मोजा.

१. दोन्ही सेल सारखे असताना : सुमारे १.५ व्होल्ट.

२. एक सेल उलटा केल्यावर : जवळजवळ शून्य.

३. एक सेल काढून तिथे नुसती तार लावल्यावर : सुमारे ०.७५ व्होल्ट.

४. एक सेल काढून ती जागा मोकळी सोडल्यावर : पुन्हा १.५ व्होल्ट.

प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगा, मग मोजायला. तिसऱ्या आणि चौथ्या प्रयोगातला फरक बहुतेकांना चकवतो. 'शून्य व्होल्ट असणे' आणि 'काहीच जोडलेले नसणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे हाताला कळते. कार्यक्रमात एका प्रीॲम्पची वायर निसटली की दुसऱ्याचा आवाज एकदम दुप्पट व्होल्टेजचा होतो, तो यामुळेच. मात्र रोधक न लावता सेल उलटसुलट जोडू नयेत, ते तापतात.

युक्तीच्या मर्यादा

रोधक फार मोठे घेऊन चालत नाहीत. ॲम्प्लिफायरचा इनपुट रोध समजा ४७ किलोओहम आहे. त्यातून थोडा प्रवाह जातोच, त्यामुळे १० किलोओहमच्या रोधकांनी प्रत्येक आवाजाचा ०.५ ऐवजी सुमारे ०.४५ पट भाग मिळेल. हे चालेल. रोधक १०० किलोओहमचे घेतले तर मात्र जेमतेम एक चतुर्थांश उरेल.

दुसरी मर्यादा लांब वायरीची. आवरण असलेल्या वायरीची धारिता साधारणतः मीटरला १०० पिकोफॅरड असते. रोधक प्रीॲम्पपाशी जोडून पुढे ३० मीटर वायर टाकली, तर सुमारे १० किलोहर्ट्झच्या वरचे आवाज दबू लागतात. झांजांची झळाळी आणि 'स', 'श' यांची धार कमी होते. उपाय सोपा आहे. रोधक वायरीच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या ॲम्प्लिफायरजवळ बसवावेत.

आभासी भूमी

ही बेरीज निम्मी न होता पूर्ण मिळेल का? आणि एका वाटेवरचा बदल दुसरीला जाणवणारच नाही, असे करता येईल का? दोन्ही जमते. जोडाचे व्होल्टेज कायम शून्यावर धरून ठेवायचे, आणि तिथे येणारा प्रवाह मोजायचा.

हे काम ऑप-ॲम्प करते. तिला दोन इनपुट असतात, धन आणि ऋण. त्यांच्या व्होल्टेजमधला फरक ती प्रचंड पटींनी वाढवते. धन इनपुट अर्थला जोडा. दोन्ही रोधकांचा जोड ऋण इनपुटला द्या, आणि आउटपुटपासून ऋण इनपुटपर्यंत आणखी एक १० किलोओहमचा रोधक लावा. आता ऋण इनपुट शून्यापासून जरा हलले की आउटपुट उलट दिशेने जाऊन त्याला परत शून्याजवळ खेचते. तराजूचा काटा मध्यावर राहावा म्हणून दुकानदार वजने कमी-जास्त करतो, तसेच. प्रत्यक्षात अर्थला न जोडताही हा बिंदू शून्यावर राहतो, म्हणून त्याला 'आभासी भूमी' म्हणतात.

गायकाकडून या बिंदूकडे ०.१ मिलिॲम्पिअर येतो, तबल्याकडून -०.०५. ऋण इनपुट स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून ०.०५ मिलिॲम्पिअर तिसऱ्या रोधकातूनच जावा लागतो. १० किलोओहमवर त्याचे ०.५ व्होल्ट होतात. आउटपुट -०.५ व्होल्ट, म्हणजे पूर्ण बेरीज, फक्त चिन्ह उलटे. उलट चिन्ह कानाला जाणवत नाही. प्रत्येक वाटेला मात्र समोर शून्यच दिसतो, त्यामुळे शेजारी कोण काय करतो याचा तिला पत्ताही नसतो. तिसरी, चौथी वाट हवी तर आणखी एकेक रोधक जोडायचा. ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या मिक्सरमध्येही हेच तत्त्व वापरतात.

हे सर्किट मुळात आवाजासाठी जन्मले नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील कार्ल स्वार्टझेल यांनी १९४१ साली 'बेरीज करणाऱ्या ॲम्प्लिफायर'च्या पेटंटसाठी अर्ज केला. विमानविरोधी तोफांना नेम धरून देणाऱ्या एम-९ या यंत्रात असे ॲम्प्लिफायर गणिते करत. 'ऑपरेशनल' हे नावही बेरीज-वजाबाकीसारख्या गणिती क्रियांवरूनच आले आहे.

ढोलांचे गणित

दोन आवाज मिळवल्यावर आवाज किती वाढतो? आमच्याकडच्या नाशिक ढोलाचे उदाहरण घेऊ. दोन ढोल एकाच तालात वाजले तरी त्यांचे तरंग तंतोतंत सारखे नसतात. कधी एकाचा चढ दुसऱ्याच्या चढावर येतो, कधी उतारावर. अशा वेळी व्होल्टेजची नव्हे, ऊर्जेची बेरीज करावी लागते. एकाचे दोन ढोल झाले की ३ डेसिबलची वाढ, दहा झाले की १० डेसिबलची आणि शंभर झाले की २० डेसिबलची. साधारणपणे १० डेसिबल वाढल्यावर आवाज 'दुप्पट मोठा' वाटतो. म्हणजे कानाला दुप्पट वाटायला एका ढोलाचे दहा करावे लागतात!

दोन्ही वाटांवर अगदी एकच तरंग असेल तर मात्र व्होल्टेज दुप्पट होते, म्हणजे ६ डेसिबल. मिक्सरची बटणे लावताना ही जागा राखून ठेवावी, नाहीतर बेरीज बरोबर असूनही शेंडे कापले जातील.

बेरीज शून्यही होते

सेल उलटा केल्यावर काय झाले ते आठवा. एकच आवाज दोन वाटांनी आला आणि एक वाट उलटी असली, तर दोन्ही मिळून शांतता! एका माईकच्या वायरीत दोन तारांची अदलाबदल झाली तरी असे घडते. दोन्ही माईक स्वतंत्रपणे उत्तम चालतात, पण एकत्र लावले की आवाज पोकळ होतो.

तारा बरोबर असूनही अंतरामुळे हे घडू शकते. वक्त्यासमोर दोन माईक आहेत आणि एक दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटर दूर आहे असे समजा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर दुसऱ्या माईकला आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. १००० हर्ट्झच्या तरंगाला हा उशीर अर्ध्या तरंगाएवढा. एकाचा चढ, दुसऱ्याचा उतार, आणि तो स्वर पुसला जातो. ३००० आणि ५००० हर्ट्झचेही तेच. एका तोंडाला एक माईक पुरेसा असतो तो यामुळे.

मोनोची कदर

सगळे आवाज एकाच तरंगात बसवणे म्हणजे मोनो. ते जुनाट म्हणून हिणवण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि कितीतरी प्रसंग आमच्या पंचवटीचे. गाणारा आणि साथीची सारी वाद्ये यांची बेरीज एकाच तरंगात होऊन ती घराघरांत पोचली.

पुढे स्टीरिओ आला तेव्हाही अभियंत्यांनी मोनोला वाऱ्यावर सोडले नाही. इंग्लंडच्या ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली स्टीरिओचे पेटंट मागितले, त्यात डाव्या-उजव्या आवाजांची बेरीज आणि वजाबाकी यांचा विचार होता. स्टीरिओ तबकडीवर सुईच्या आडव्या हालचालीत बेरीज असते आणि उभ्या हालचालीत वजाबाकी. एफ.एम. रेडिओच्या स्टीरिओ प्रक्षेपणातही मुख्य भाग बेरजेचाच, म्हणून मोनो रेडिओवरही कार्यक्रम पूर्ण ऐकू येतो. १९६३ साली आलेल्या कॅसेटमध्ये तर ही बेरीज फितीवरच होते. डावी आणि उजवी पट्टी शेजारी-शेजारी असते, आणि मोनो टेपरेकॉर्डरचे हेड दोघींवरून एकदमच फिरते.

याचा आज प्रत्यक्ष उपयोग आहे. शाळा, वाचनालये आणि संगीत विद्यालये यांच्या कपाटांत जुन्या व्याख्यानांच्या, गाण्यांच्या कॅसेट पडून असतात. अशी मोनो कॅसेट स्टीरिओ डेकवर वाजवून दोन्ही आउटपुटची बेरीज केली, तर आवाज ६ डेसिबलने वाढतो, पण फितीची खरखर दोन्हीकडे वेगवेगळी असल्याने ती ३ डेसिबलनेच वाढते. ३ डेसिबलचा फायदा झाला!

पण हेड अगदी काटकोनात नसेल तर हाच फायदा अंगलट येतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १० किलोहर्ट्झचा एक तरंग फितीवर ४.७६ मायक्रोमीटरचा. दोन पट्ट्यांच्या मध्यांतले अंतर सुमारे ०.९ मिलिमीटर. हेड अवघे ०.१५ अंशाने तिरके झाले की एक पट्टी दुसरीच्या अर्धा तरंग मागे पडते, आणि बेरजेत तो स्वर नाहीसा होतो.

आणि बेरीज परत उलगडता येत नाही. दोन संख्यांची बेरीज ७ आहे एवढ्यावरून त्या संख्या कोणी सांगू शकत नाही. म्हणून जुनी कॅसेट संगणकावर घेताना दोन्ही वाटा आधी वेगवेगळ्या साठवाव्यात, आणि बेरीज नंतर, नक्कल प्रतीवर, कानाने तपासत करावी. कार्यक्रमातली चुकलेली जोडणी पुढच्या वर्षी सुधारता येते. एखाद्या दिवंगत शिक्षकाचा किंवा गायकाचा आवाज एकाच फितीवर उरला असेल, आणि मूळ फीत पुढे खराब झाली, तर दुसरी संधी मिळत नाही.